सागरी सफर, व्हाया वडखळ

करंजाडेत घर घेताना आम्हाला सांगितलं होतं की इथून समुद्र जवळ आहे. ते खोटं नव्हतं. मोबाइलवर नकाशा उघडला तर निळा रंग खरोखरच बोटभर अंतरावर दिसतो. गच्चीवर उभं राहिलं की मात्र दिसतात सिडकोच्या प्लॉटांवरच्या आमच्यासारख्याच इमारती, नव्या विमानतळावर उतरणारी विमानं आणि खाली सोसायटीच्या टाकीत पाइप सोडून उभा असलेला टँकर. निळा असतो तो टँकरच.

तरीही पत्त्यात पनवेल असलं की माणसाला चढतंच. राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेलहून निघतो तो थेट कन्याकुमारीला जाऊन थांबतो आणि पळस्पे फाटा आमच्या उशाशी. शनिवारी सकाळी सगळी मुंबई आपल्या डोळ्यांदेखत कोकणाकडे वळते आणि आपण पनवेलच्या मंडईत कोथिंबिरीचा भाव करत उभे, याची मला लाज वाटायला लागली. माघातला एक शनिवार-रविवार धरून मी घरात जाहीर केलं की आपण समुद्राच्या कडेकडेने गाडी चालवत श्रीवर्धनपर्यंत जायचं. वाटेत थांबत, बघत, रमतगमत.

आता माझी सगळी नोकरी हिशेबखात्यात गेलेली. मला रमायलाही तक्ता लागतो. तो मी एक्सेलमध्ये केला. ठिकाण, पोचण्याची वेळ, निघण्याची वेळ, काय पाहायचं, शेरा. समुद्र दिसेल ती ओळ निळी, खाण्याची पिवळी, स्वच्छतागृहाची हिरवी. सकाळी ६.०० करंजाडे सोडणे. ६.४० कर्नाळा, सुळका पाहणे (गाडीतून). ७.१५ पेण, चहा, १० मिनिटं. ८.३० अलिबाग, कुलाबा किल्ला (चालत). १०.१५ भूचुंबकीय वेधशाळा (बाहेरून). मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार आणि त्यांनी नाजूक उपकरणांचे काटे हलणार, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही वेधशाळा कुलाब्याहून अलिबागला हलवली, अशी माहिती शेऱ्याच्या रकान्यात होती. ती मी सगळ्यांना सांगणार होतो आणि त्याला चार मिनिटं राखून ठेवली होती. पुढे चौल, रेवदंडा, कोर्लई, काशीद, मुरूड, जंजिरा, आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी, मग दिवेआगर. सूर्यास्त शेखाडीच्या रस्त्यावर, ६.३० ते ६.४५. रात्री श्रीवर्धन.

तक्ता घरच्या ग्रुपवर टाकला. बायकोने नुसता अंगठा पाठवला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्या अंगठ्याचा अर्थ 'बघू' असा होतो, हे मला कळतं. चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, यात श्वास कोणत्या रंगात आहे?" आईने तक्ता मोठा करून, चष्मा वरखाली करून पाहिला आणि विचारलं, "त्या दिवशी तिथी काय रे?"

"पौर्णिमा."

"बरं."

"अगं, सत्यनारायण नाही घालायचा. फिरायला जायचंय."

आईने चष्मा काढून ठेवला आणि ती मटार सोलायला लागली.

नकाशा ज्याने नुसता मोबाइलवर पाहिलाय त्याचा कोकणाबद्दल एक गोड गैरसमज होतो. त्याला वाटतं, समुद्र आहे म्हणजे त्याच्या कडेने रस्ता असणारच. तसा रस्ता असावा असं बॅरिस्टर अंतुल्यांनाही वाटलं होतं. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची कल्पना त्यांची, १९८०च्या आसपासची. पण या किनाऱ्याला दर थोड्या अंतरावर एक खाडी फोडून आत येते. धरमतर, रेवदंड्याला कुंडलिका, मुरूडपुढे राजपुरी, बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री. जिथे पूल आहे तिथे रस्ता समुद्राला धरून जातो. जिथे नाही तिथे त्याला तोंड फिरवून डोंगरात शिरावं लागतं, किंवा गाडीसकट फेरीबोटीत चढावं लागतं. हे सगळं मला माहीत होतं. तक्त्यात खाड्यांना मी स्वतंत्र ओळी दिल्या होत्या. खाडीला भरती-ओहोटी असते, याला रकाना नव्हता.

डोंबिवलीचा मेहुणा आणि त्याची बायको आमच्याबरोबर येणार होते. पहाटे मोटारसायकलने यायचं, ती आमच्या सोसायटीत लावायची आणि आमच्या सात सीटांच्या गाडीत बसायचं. "भेटण्याचं ठिकाण करंजाडे, ५.४५," असं मी त्याला फोनवर बजावलं होतं. पावणेसहा वाजले, सहा वाजले, मेहुण्याचा पत्ता नाही, फोन लागेना. सोसायटीचं पाणी त्या दिवशी नेमकं सव्वासहाला आलं, त्यामुळे ६.०० ही ओळ तशीही गेलीच होती. सातच्या पुढे फोन आला.

"भावोजी, आम्ही कधीचे पोचलोय. तुम्ही दिसत नाही!"

"कुठे आहेस?"

"करंजाला. जेट्टीवर. मस्त वारा सुटलाय."

करंजा हे उरणच्या टोकाचं मच्छीमारांचं बंदर. करंजाडे आणि करंजा यांच्यामध्ये अख्खा जेएनपीटीचा रस्ता आणि त्यावरचे कंटेनर. पण मेहुण्याने पहाटेच्या अंधारात फोनला तोंडी विचारलं, फोनला 'डे' ऐकू आलं नाही आणि 'सागरी सफर' म्हटल्यावर जेट्टीवर भेटायचं यात मेहुण्याला काही वावगं वाटलं नाही.

"तिथेच थांब," मी म्हणालो. "नाही, परत फीर. नाही, थांब, मी तक्ता बघून सांगतो."

"इथून समोर रेवस दिसतंय. लाँच लागलीय. गाडी इथे ओळखीच्यांकडे लावून बसू का?"

"अजिबात नको," असं मी म्हणालो तेव्हा फोन बंद झालेला होता.

आम्ही निघालो. कर्नाळ्याचा सुळका पाहायचं मिनीट आलं तेव्हा आमच्या डाव्या हाताला एक ट्रेलर होता. तो कर्नाळ्याची हद्द संपेपर्यंत डाव्या हातालाच राहिला. पेणला १० मिनिटांचा चहा होता. ज्यांनी पेण पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. पेणचे गणपती जगभर जातात. पेणचे पोह्याचे पापड मात्र आमच्या गाडीत आले. पापडांमागून मिरगुंडं, मिरगुंडांमागून कुरडया, मग ताकातल्या मिरच्या, मग "वहिनीलाही घेऊ, नाहीतर वाईट दिसेल" म्हणून पुन्हा पापड. आईला गणपतीचा कारखाना बघायचा होता. माघात कारखान्यात काय असणार, असं मी म्हणालो. आत ओळीने रंग न लावलेले पांढरे गणपती बसले होते आणि कारागीर आईशी तासाभराच्या तयारीने बोलायला बसला. मी बाहेर उभा राहून तक्त्यातल्या वेळा पुढे सरकवत होतो. सगळ्यात मागची सीट पाडून पापडांची खोकी रचली, तेव्हा मेहुणा आता कुठे बसणार हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो लांबणीवर टाकला.

वडखळला गाड्या उभ्याच होत्या. या महामार्गाचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हा चिरंजीव बालवाडीत होते. आता ते मागच्या सीटवरून मला गिअर कधी बदलायचा ते सांगतात. वडखळ नाक्यावर पुन्हा फोन वाजला.

"भावोजी, अलिबाग आलं. मिनीडोर लगेच मिळाली. मिसळ खातोय. तुम्ही कुठपर्यंत?"

करंजा आणि रेवस धरमतर खाडीच्या तोंडाशी समोरासमोर आहेत. ज्या खाडीला वळसा घालायला आम्ही कर्नाळा, पेण, वडखळ अशी प्रदक्षिणा घालत होतो, ती त्याने रस्ता चुकून एका लाँचमध्ये ओलांडली होती. मी शांतपणे म्हणालो, "आम्ही रमतगमत येतोय."

अलिबागच्या किनाऱ्यावर गाडी लावली तेव्हा सव्वाअकरा होऊन गेले होते. मेहुणा कठड्यावर बसून आमची वाट बघत होता. समोर कुलाबा किल्ला होता. किल्ल्याच्या आणि आमच्या मध्ये, जिथे तक्त्याप्रमाणे वाळू असायला हवी होती, तिथे अरबी समुद्र होता. नुसता होता असं नाही, काठोकाठ होता. किनाऱ्याची जी पट्टी शिल्लक होती तिच्यावर घोडागाडीवाले घोडे सोडून गप्पा मारत होते.

या किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी १६८० साली सुरू करवलं, पुढे कान्होजी आंग्र्यांनी त्यावरून सगळ्या किनाऱ्यावर दरारा बसवला. किल्ल्याची हुशारी अशी की दिवसातून दोनदा समुद्रच त्याचं दार लावून घेतो. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज आरमार, फौज, तोफा घेऊन मिळून चालून आले होते आणि हात हलवत परत गेले. त्या रांगेत आता पापडांच्या खोक्यांसह आमचा नंबर लागला. फरक एवढाच की त्यांच्याशी आंग्रे लढले. आमच्यासाठी कोणाला उठावंही लागलं नाही.

किल्ल्यावर होड्या जात होत्या. पण रांग मोठी होती, आईचे गुडघे होते आणि तक्त्यात कंसात 'चालत' असं लिहिलेलं होतं. मी म्हणालो, "वडखळला अडकलो नसतो तर साडेआठला आरामात चालत गेलो असतो."

आई म्हणाली, "साडेआठला निम्मी भरती होती. गेला असतास तरी अडकला असतास. संध्याकाळपर्यंत आत बसावं लागलं असतं."

"तुला कसं माहीत?"

"पौर्णिमा नाही का आज? पंधराचा पाऊणपट किती?"

चिरंजीवांनी सांगितलं, "सव्वाअकरा."

मी घड्याळाकडे बघितलं नाही.

आईचं माहेर हर्णैचं. तिच्या लहानपणी मुंबईची आगबोट खोल पाण्यात नांगर टाकायची आणि माणसांना होडीतून किनाऱ्यावर उतरवायचे. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू, पावसाच्या तोंडाला बंद. बोट किनाऱ्याकिनाऱ्याने प्रत्येक बंदर घेत जायची, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी. म्हणजे मी तक्ता करून जे करायला निघालो होतो ते माझी आई चार आण्याचे चणे खात लहानपणीच करून आली होती. तिथे घड्याळ घरात एखादं. भरतीची वेळ तिथीवरून काढायची. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, की पूर्ण भरतीचा तास येतो. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. मिनिटाला मिनीट जुळत नाही, पण होडी लोटायला पुरतं.

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"तिथी विचारली होती की मी."

मेहुणा आणि त्याची बायको पापडांच्या खोक्यांच्या मधोमध बसले. दर खड्ड्याला मागून कुरकुर असा आवाज यायचा आणि बायको म्हणायची, "गेलं एक." वेधशाळेपाशी मी ट्रॅमची गोष्ट सुरू केली, तोवर वेधशाळा मागे पडली होती. रस्त्याच्या कडेला नव्या पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसल्या. अलिबागचा हा कांदा गोड म्हणून नावाजलेला, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. ब्रेक मी दाबला नव्हता, पण गाडी थांबली. माळा मेहुण्याच्या गळ्यात आल्या.

चौलला मात्र माझ्या जिवाला थोडा आधार मिळाला. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी इथे उतरला होता. रेवदंड्यात त्याचं स्मारकही आहे. लोकांना वाटतं, हा मोठा योजना आखून हिंदुस्थान शोधायला निघाला असेल. तसं काही नाही. तो व्होल्गा नदीतून माल घेऊन व्यापाराला निघाला होता. वाटेत लुटारूंनी सगळं लुटलं. रिकाम्या हाताने परत जायची सोय नाही, म्हणून तो पुढे सरकत राहिला. इराण, होर्मुझ असं करत, एक घोडा विकता येईल म्हणून तो जहाजात चढवून चौलला पोचला. इथे घोड्यांना भाव फार, असं त्याने ऐकलेलं. जुन्नरला गेल्यावर तिथल्या खानाने तो घोडाच काढून घेतला आणि मोठी खटपट करून परत मिळवावा लागला. ही गोष्ट मी तक्त्यात दिली होती त्यापेक्षा बरीच सविस्तर सांगितली. बिघडलेल्या बेताने या रस्त्याला लागलेला मी पहिला नव्हतो, आणि माझा घोडा निदान अजून माझ्या ताब्यात होता.

"परत गेला का तो घरी?" बायकोने विचारलं.

नाही गेला. वाटेत स्मोलेन्स्कजवळ वारला. हे मी सांगितलं नाही.

रेवदंड्याच्या तटातून बाहेर पडून साळावचा पूल ओलांडला आणि मग मात्र रस्ता खरंच समुद्राला बिलगला. कोर्लईचा डोंगर पाण्यात घुसलेला, खाली वाळत घातलेली मासळी, एका वळणावर एकदम उजवीकडे सगळं निळं. गाडीत पहिल्यांदा कोणी बोललं नाही. तेवढ्यात मागून कांद्याच्या माळांतून आवाज आला, "भावोजी, डावीकडे बसलेल्यांना काहीच दिसत नाही." मग थांबून जागा बदलल्या. त्यात पापडांची खोकीही बदलावी लागली. काशीदला शहाळी प्यायलो. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने इथली सुरूची झाडं आडवी केली होती. मधूनमधून ते अजून जाणवतं. सावली जिथे शिल्लक होती तिथे आमच्या आधी मुंबई बसलेली होती.

मुरूडला पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. जंजिऱ्याच्या शिडाच्या होड्यांची दिवसाची शेवटची खेप गेली होती. दिघी, दिवेआगर, शेखाडी या निळ्या ओळींवर मी मनातल्या मनात काट मारली. तरी सूर्यास्त होताच. चिरंजीव आणि मेहुणा कपडे बदलून, पंचे खांद्यावर टाकून पुळणीवर धावले आणि धावतच राहिले. सहाची ओहोटी, तीही पौर्णिमेची. समुद्र मागे सरकत इतका लांब गेला होता की आंघोळीला निघालेले दोघं ठिपक्याएवढे झाले तरी पाणी त्यांच्या घोट्याच्या वर येईना. सकाळी वाळू हवी होती तेव्हा समुद्र होता, आता समुद्र हवा होता तर वाळू.

मी आईकडे बघितलं. ती शेंगा खात होती.

रात्री मुरूडलाच एका घरी दोन खोल्या मिळाल्या. श्रीवर्धनच्या खोलीचे आगाऊ भरलेले पैसे हा विषय बायकोने जेवण होईपर्यंत काढला नाही, हा तिचा मोठेपणा. घरमालकीणबाईंच्या ओटीवर दिनदर्शिका टांगलेली होती. तिच्यासमोर आई आणि त्या बाई इतका वेळ उभ्या राहिल्या की मला वाटलं, कोणाचं लग्न ठरतंय. ठरत होता उद्याचा कार्यक्रम. मेहुण्याची मोटारसायकल करंजाला पडलेली, म्हणजे त्या दोघांना रेवसला सोडणं भाग. रेवसला ओहोटीत गाळ उघडा पडतो, लाँच जेट्टीला लागायची पंचाईत. तेव्हा दुपारचं पाणी आहे तोवर गाठायला हवं. मला कोणी काही विचारलं नाही. मी लॅपटॉप उघडला होता, तो चार्जर करंजाडेत राहिल्याचं कळल्यावर मिटला.

दुसऱ्या दिवशी अलिबागवरून जाताना मी एक शेवटचा डाव टाकला. "काल साडेअकराला भरती होती. आज बारा वाजलेत, म्हणजे पाणी उतरायला लागलं असेल. अर्ध्या तासात किल्ला होईल."

"अरे, रोज पाऊण तासाने पुढे सरकते ती," आई म्हणाली. "कालच्यापेक्षा आज उशिरा भरते. सोळाचा पाऊणपट?"

"बारा," गाडीतले सगळे म्हणाले.

किनाऱ्यावर जाऊन मी खात्री करून घेतली. घोडागाडीवाले होते तिथेच, तशाच गप्पा मारत होते. त्यातल्या एकाने मला ओळखलं आणि हात केला.

मेहुण्याला रेवसच्या लाँचवर चढवलं, कांद्याच्या दोन माळा त्याच्या बायकोच्या हातात दिल्या आणि आम्ही परत पोयनाडच्या दिशेने वळलो. वडखळच्या अलीकडे गाड्यांच्या रांगेत उभे असताना त्याचा डोंबिवलीतल्या घरच्या सोफ्यावरचा फोटो आला. पापड तळलेले होते.

करंजाडेत पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि फोनवर नवा ग्रुप तयार झाला होता, 'कुलाबा किल्ला (चालत)'. पहिलाच निरोप आईच्या आवाजातला: "पुढची अष्टमी धरा. भरती सहाची, ओहोटी बाराला. डबे मी करते. पेणला थांबायचं." मी खाली लिहायला गेलो, तर लिहिताच येईना. चिरंजीवांनी बघून सांगितलं की मामाने ग्रुपवर फक्त अॅडमिनलाच लिहिता येईल अशी सोय करून ठेवली आहे. अॅडमिन आई.